मापात शिजवावं, मुठीनं द्यावं

दिवाळी सुरू होते ती वसुबारसेनं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी गहू आणि मूग वर्ज्य असतात, गाईचं दूध-तूप घेत नाहीत. ताटात असते बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी. त्या दिवसापुरतं दूध वासराचं. पुढच्या तीन-चार दिवसांत चकल्या-करंज्यांनी डबे भरणार आहेत, तेला-तुपाचा हात सैल सुटणार आहे, हे ठाऊक असतानाही वर्षातल्या सगळ्यात खर्चिक सणाची सुरुवात साध्या धान्यानं आणि दुसऱ्याचा वाटा बाजूला ठेवून होते. आधी मर्यादा, मग मेजवानी, असा हा क्रम आहे आणि तो जपलेला आहे घरातल्या बायकांनी. या क्रमातच मराठी घराच्या अन्नविचाराचं सूत्र आहे. घरातली काटकसर आणि घरातली श्रद्धा यांना आपण दोन वेगळ्या कप्प्यांत टाकतो. एकीला गरिबीची सवय म्हणतो, दुसरीला देवघरापुरती ठेवतो. अशी फारकत केली की दोन्ही बिघडतात. श्रद्धेवाचून काटकसर चिक्कूपणाकडे झुकते, काटकसरीवाचून श्रद्धा देखाव्याकडे. दोन्ही एकाच हाताला वळण लावत असतील तरच घरचं अन्न घरातल्या प्रत्येकाला पुरतं आणि दारी आलेल्यालाही उरतं. हे म्हणणं जुन्या दिवसांच्या आठवणीनं हळवं होऊन केलेलं नाही. त्याला पुरावे आहेत, आणि त्यावरचे आक्षेपही खरे आहेत. दोन्हींचा विचार इथे करायचा आहे.

वाया न घालवण्याची रीत

काटकसर म्हणजे कमी खाणं, हा गैरसमज आधी दूर केला पाहिजे. पुरणाच्या दिवसाचंच पाहा. हरभऱ्याची डाळ बोटचेपी शिजली की ती चाळणीत उपसतात आणि खाली दाटसर पाणी गळतं, तो कट. हे पाणी डाळीत राहिलं तर पुरण सैल होईल, म्हणून ते काढावंच लागतं. पण डाळीतलं बरंच सत्त्व त्यात उतरलेलं असतं, म्हणून ते मोरीत जात नाही. त्यात थोडं पुरण घोटायचं, भाजलेलं खोबरं-जिरं वाटून लावायचं, चिंचेचा कोळ आणि मसाला घालून वर चरचरीत फोडणी द्यायची. सणाच्या गोडाधोडाच्या जेवणाला खरी चव आणते ती ही जवळजवळ फुकटात झालेली कटाची आमटी. उन्हाळ्यातल्या कुरडयांचंही तसंच. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटून-पिळून चीक काढायचा. तो रात्रभर ठेवला की वर आलेलं पाणी सकाळी अलगद ओतून टाकायचं, हिंग-मिठाच्या आधणात गुठळी होऊ न देता चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यानं उन्हात कुरडया घालायच्या. चीक काढून उरलेला चोथाही टाकत नाहीत. तिखट-मीठ, लसूण, तीळ लावून त्याच्या वड्या घालतात आणि पावसाळ्यात त्या तळून किंवा कालवणात टाकून खातात. चैत्र-वैशाखात ऊन फुकट असतं आणि आषाढ-श्रावणात भाजीचा भरवसा नसतो. या दोन गोष्टींमधली सांगड म्हणजे वाळवण.

अशा रीती गावोगावी सापडतात. कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या सालीची आमसुलं होतात, रसाचं आगळ होतं आणि बियांपासून निघणारं घट्ट तेल थंडीत फुटलेल्या टाचांना लावायला ठेवलेलं असतं. फणसाचे गरे संपले तरी आठळ्या भाजी-आमटीत जातात. घाटावर दोडक्याच्या शिरा तीळ-खोबऱ्याबरोबर परतून चटणी होते. तूप कढवल्यावर पातेल्याच्या तळाशी राहिलेली बेरी गूळ घालून मुलांच्या हातावर ठेवली जाते. रात्रीची पोळी सकाळी कुस्करून फोडणीला पडते, किंवा गूळ-तुपात वळून तिचा लाडू होतो. यातली एकही गोष्ट पोट मारून केलेली नाही. प्रत्येकीत चव आहे, काही तर मुद्दाम मागून खाल्ल्या जातात. ही रीत टिकली ती वाया न घालवण्याला चवीची जोड मिळाली म्हणून. हे ज्ञान फार थोड्या प्रमाणात कागदावर उतरलं. 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आलं, 1970 साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याचं माप घरोघर पोचलं. तरी चोथ्याच्या वड्या, सालींच्या चटण्या असल्या पदार्थांचं शिक्षण आजही बहुतेक तोंडीच आहे, आणि जे तोंडी असतं ते एका पिढीच्या खंडात संपून जाऊ शकतं.

सणवारांनी लावलेली शिस्त

ही रीत वर्षभर चालू ठेवायची तर कोणीतरी आठवण करून द्यायला हवी, आणि ते काम मराठी घरात सणवारांनी केलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवसाच्या मिसळीच्या भाजीत हरभरा, पावटा, गाजर, वांगं, बोरं, शेंगदाणे, तिळाचं कूट असं त्या हंगामातलं सगळं एकत्र येतं. बाजूला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी. थंडीत जे ताजं आणि स्वस्त असतं तेच त्या दिवशी पवित्र ठरतं. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही असा नियम. त्यामुळे अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, सुरण, मक्याची कणसं अशी परसातल्या, हातानं खणून लावलेल्या पिकांची भाजी होते. हा महिना जुनं धान्य सरत आलेलं आणि खरिपाचं अजून घरात न आलेलं, असा मधला काळ असतो. नांगरलेल्या शेतातलं धान्य त्यातल्या निदान एका दिवशी बाजूला ठेवण्यात शहाणपण दिसतं. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी-थालीपिठं मनसोक्त खाऊन चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं सोडायचं आणि वांग्याची वाट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीच्या भरतापर्यंत पाहायची. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून उकडलेले दिंड होतात. वर्षभरात असे नियम इतके येतात की एकाच भाजीचा, एकाच धान्याचा रतीब घरात लागू शकत नाही.

ही व्रतं कोणी आहारशास्त्र समोर ठेवून रचली, असा दावा इथे नाही. तसा दावा उत्साहानं पुष्कळदा केला जातो आणि त्यानं परंपरेचं भलं होत नाही, कारण एक कारण खोटं ठरलं की सगळंच खोटं ठरवायला लोक मोकळे होतात. मुद्दा परिणामाचा आहे. भोगी, ऋषिपंचमी, वसुबारस पाळणाऱ्या घरात बाजरी, तीळ, पालेभाज्या, कंद, शेंगा वर्षातून काही वेळा तरी हमखास येतात आणि मुलांच्या जिभेला त्यांची ओळख राहते. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू यांबरोबर हरभरा आणि उडीद भाजून दळले जातात. धान्यात लायसिन हे अमायनो आम्ल कमी असतं आणि डाळींत ते भरपूर असतं, त्यामुळे दोन्ही एकत्र आल्यावर प्रथिनांचा कस वाढतो. मटकी-वालाला मोड आणले की त्यातलं फायटेट कमी होतं आणि शरीराला लोह जास्त मिळतं. त्यावर लिंबू पिळलं तर आणखी मिळतं. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं. त्याआधीही ही धान्यं ज्या घरांत टिकून होती, त्यांतल्या पुष्कळांत ती कोणत्या ना कोणत्या सणाच्या आधारानं टिकली होती.

श्रद्धा कशासाठी?

यावर एक सरळ प्रश्न येतो. वाया घालवू नये, हंगामातलं खावं, एवढंच सांगायचं असेल तर त्यासाठी देवाची गरज काय? पैशाचा हिशेब पुरेसा नाही का? पैशाचा हिशेब पुरत नाही, हे आकडेच सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा आहे आणि त्यातलं सुमारे 60 टक्के थेट घरांतून फेकलं गेलं. भारतीय घरांसाठी दरडोई वर्षाला 55 किलोंचा अंदाज दिला आहे. यात साली, बिया, देठ हे सगळं धरलेलं आहे. तरी चौघांच्या घरामागे रोजचे सहाशे ग्रॅम होतात. याच अहवालातली एक नोंद जास्त विचार करायला लावणारी आहे. श्रीमंत देश, उच्च-मध्यम उत्पन्नाचे देश आणि निम्न-मध्यम उत्पन्नाचे देश यांच्यात घरातल्या नासाडीचा फरक माणशी वर्षाला अवघा 7 किलोंचा आहे. म्हणजे हात तंग असला की माणूस आपोआप अन्न जपतो, हा समज खरा नाही. आणि जिथे काटकसर केवळ तंगीतून आलेली असते, तिथे ती तंगीबरोबरच जाते. पगार वाढला, डबा मागवणं परवडू लागलं की उरलेली भाकरी टाकताना हात अडखळत नाही. हात अडखळायला पैशापलीकडचं कारण लागतं, आणि अन्न ही आपली मिळकत नसून आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे, ही भावना ते कारण देते.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. हिशेब फक्त पैशाचा असेल तर वाचलेलं सगळं आपल्याच डब्यात राहतं. श्रद्धा त्या वाचलेल्यावर दुसऱ्याचा हक्क सांगते. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाविषयीची व्रतं ओळीनं येतात: अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न वाढवावं आणि वसतीला आलेल्या कोणालाही नाकारू नये. पहिल्या तीन व्रतांचा शेवट चौथ्यात होतो, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. जपायचं आणि वाढवायचं ते देता यावं म्हणून. नैवेद्याचं ताट आधी वाढायचं आणि तोवर कोणी चाखायचं नाही, या साध्या रिवाजातही घरातल्या प्रत्येकाला कळतं की पहिला घास आपला नाही. हा विचार एका धर्माचा नाही. रमजान ईदच्या नमाजाआधी मुस्लिम घरातून माणशी ठरावीक मापाचं धान्य किंवा त्याची किंमत फितरा म्हणून गरिबाकडे जाते, आणि कुराणात खा-प्या पण उधळू नका अशी स्पष्ट आज्ञा आहे. वसईच्या ख्रिस्ती घरांत प्रायश्चित्तकाळात उपास आणि दानधर्म यांची जोड शिकवली जाते. स्वतःच्या ताटातलं कमी केलेलं दुसऱ्याच्या ताटात गेलं पाहिजे. नांदेडच्या गुरुद्वारात लंगरच्या पंगतीत कोणाला नाव-गाव विचारत नाहीत. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या या सगळ्या घरांनी स्वयंपाकघरात एकच गोष्ट शिकवली आहे: मापात शिजवावं आणि त्या मापात परक्याचा वाटा आधीच धरावा.

हा वाटा साठला की काय घडतं याचा इतिहास आपल्याकडे आहे. स्वयंपाकाचे तांदूळ किंवा पीठ काढताना त्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची आणि ते मडकं भरलं की सार्वजनिक कामाला द्यायचं, या पद्धतीवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली आणि पोर्तुगीज अमलात तिनं मराठी शिक्षणाचं काम केलं. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनीही बहुजन मुलांच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मुठीमुठीनं धान्य गोळा करण्याची हीच रीत वापरली. सर्व जातींची मुलं त्या वसतिगृहांत एकत्र जेवली आणि शिकली. त्यासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, हे महाराष्ट्र जाणतो. पण ज्यांच्याजवळ सोनं नव्हतं अशा असंख्य बायकांनी रोजच्या मापातली एक मूठ दिली, त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. एका मुठीनं त्यांच्या घरात कोणी उपाशी राहिलं नाही आणि त्याच मुठींवर मुलं शिकली. काटकसर आणि श्रद्धा एकत्र आल्यावर काय होतं, याचा याहून मोठा पुरावा शोधावा लागणार नाही.

हे सगळं कोणी करायचं?

आता सगळ्यात जड आक्षेप. ही रीत बायकांच्या कष्टांवर उभी आहे, आणि तिचं कौतुक म्हणजे त्या कष्टांचं कौतुक करून त्यांना तिथेच बांधून ठेवणं, असं स्त्रीवादी अभ्यासक म्हणतात. हे म्हणणं खरं आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला 289 मिनिटं घालवतात असं दिसलं, तर असं काम करणारे पुरुष 88 मिनिटं. मुळात असं काम करणारे पुरुषच थोडे. दुसरा आकडा याहून बोचरा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019–21) 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त स्त्रियांत. त्याची कारणं अनेक आहेत, पण सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायचं ही रीत त्यात भर घालते. ज्या घरात अन्नपूर्णेची मूर्ती सुनेबरोबर माहेराहून येते, त्याच घरात ती सून शेवटी, एकटी, पातेलं खरवडून जेवत असेल, तर त्या घराची काटकसर खोटी आहे आणि श्रद्धाही. घरातल्या एका माणसाच्या पोटातून जे वाचवलं जातं ती बचत नसते. ते त्या माणसाकडून काढलेलं कर्ज असतं आणि ते तिच्या रक्तातून फिटतं.

पण या आक्षेपानं रीत मोडीत निघत नाही, ती कोणाच्या खांद्यावर आहे ते बदलण्याची गरज सिद्ध होते. उलट बाजूनं पाहा. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था वाढली. त्यातल्या सभासद बायका मजूर म्हणून नव्हे, मालक म्हणून नफ्याच्या भागीदार आहेत. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांसाठी. एकट्यानं मुंबईत राहणाऱ्या गिरणी कामगारांना या बायका दोन वेळा जेवू घालत आणि किराण्यासाठी सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. मंडळानं त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. दोन्ही ठिकाणी कौशल्य तेच होतं जे प्रत्येक घरात फुकट वापरलं जातं: डाळ किती भिजवावी, ऊन किती द्यावं, पन्नास माणसांची आमटी किती पैशांत चवदार करावी. त्याला मोल मिळालं तेव्हा ते काम हलकं नाही हे सगळ्यांना दिसलं. घरात त्याला पगार देता येत नसेल, पण वाटून घेता येतं. मुलाला सोऱ्या धरायला, भाजी निवडायला, उरलेल्या भाताची फोडणी करायला शिकवणं हे मुलीला शिकवण्याइतकंच घरधन्याचं आणि घरधनिणीचं कर्तव्य आहे. सर्वांनी एका पंगतीला बसणं हा नियम देवाच्या नैवेद्याइतक्या काटेकोरपणे पाळला गेला पाहिजे.

श्रद्धेच्या नावावरची उधळपट्टी

दुसरा आक्षेप असा की श्रद्धाच घराला खर्चात घालते: सण, मानपान, दिवसकार्यं, भंडारे. हेही नाकारता येत नाही, पण याचं उत्तर श्रद्धावंतांनीच देऊन ठेवलं आहे. गाडगेबाबा (1876–1956) खापराच्या गाडग्यात भाकरी खात, आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तनात देवाच्या नावानं होणाऱ्या कर्जबाजारीपणावर कोरडे ओढत. तेराव्याच्या जेवणावळीसाठी कर्ज काढू नका, नवसासाठी मुकी जनावरं मारू नका, भाकरी हातावर खाण्याची वेळ आली तरी चालेल पण मुलांना शाळेत घाला, असं ते सांगत आणि भुकेल्याला अन्न ही देवपूजा मानत. त्यांच्याइतका काटकसरी आणि त्यांच्याइतका श्रद्धाळू माणूस महाराष्ट्रानं क्वचितच पाहिला असेल. त्यांच्या कसोटीवर आजचे उपास लावून पाहावेत. उपासाचे म्हणून जे पदार्थ आज रूढ आहेत त्यातले साबुदाण्याचं कंदमूळ, बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि मिरची हे सगळे अमेरिका खंडातून गेल्या काही शतकांत आपल्याकडे आले. म्हणजे उपासाचे नियम बदलत आलेले आहेत आणि पुढेही बदलू शकतात. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यावर तूप-तेल आणि बटाटा. पोटाला विश्रांती द्यायची, ताट साधं करायचं आणि वाचलेलं द्यायचं, या तिन्ही हेतूंना भगर, राजगिरा, ताक, फळं जास्त जवळची आहेत. अशक्त, गरोदर किंवा औषधं चालू असलेल्या बाईनं उपास न करण्यात कोणत्याही देवाचा अपमान नाही.

सोवळ्याओवळ्याचा दोष याहून खोल आहे. शिवलं म्हणून टाकून दिलेलं अन्न आणि शिवेल म्हणून दाराबाहेर ठेवलेलं माणूस, हे दोन्ही याच स्वयंपाकघरांतून घडलं. माधुकरी आणि वार लावून जेवण्याच्या प्रथेनं गरीब विद्यार्थी शिकले हे खरं, पण त्या पंगतीत कोणाला जागा होती हे जातीनं ठरत होतं. कष्टकरी दलित घरांनी टाकाऊ मानल्या गेलेल्या अन्नातून जगण्याची जी कला उभी केली ती कौशल्यानं कमी नव्हती. ती त्यांच्यावर लादली गेली होती, म्हणून तिचं गोड वर्णन करण्याचा अधिकार इतरांना नाही. यातून निष्कर्ष एकच निघतो. जी श्रद्धा अन्न जपायला शिकवते आणि माणसाला हाकलते, तिनं भृगुवल्लीतलं चौथं व्रत मोडलेलं आहे. वारीच्या वाटेवर गावोगावचे लोक दिंड्यांना जेवू घालतात, तेव्हा तिथे जपणं आणि देणं पुन्हा एकत्र आलेलं दिसतं. घरानं आपलं माप त्या वाटेवरून घ्यावं.

काटकसरीच्या गोष्टी गरिबांना सांगून कोणाचं पोट भरत नाही, हाही आक्षेप आहे, आणि त्यात तथ्य आहे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातली माणसं काटकसर करून तरली नाहीत. ती रोजगाराच्या कामावर, रेशनच्या मिलो ज्वारीवर आणि मुलांना वाटलेल्या सुकडीवर तरली. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. 2013 चा अन्नसुरक्षा कायदाही याच जाणिवेतला. मजुरी, रेशन, अंगणवाडीचा आहार हे हक्क आहेत आणि गृहिणीच्या हुशारीनं त्यांची जागा भरून निघत नाही. म्हणून हा लेख ज्या घरांत अन्न पुरेसं येतं त्यांच्याशी बोलतो आहे. 2022–23 च्या घरखर्च पाहणीत शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चात अन्नाचा वाटा सुमारे 39 टक्के होता आणि अन्नातला सगळ्यात मोठा हिस्सा पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा होता. धान्य, दूध, भाजी यांतल्या कशापेक्षाही जास्त. पाकीट फोडून खाण्यावर जे पैसे जातात, त्यांतूनच डाळ, अंडी, फळं, पालेभाजी येऊ शकते. वेळ नाही, ही अडचण खरी आहे. पण ती पाच तासांचं काम एकीनं करण्याची अडचण आहे. तेच काम चौघांनी वाटलं तर तिचा बराच भाग उरत नाही. वाळवणं आता घरी होत नसतील तर बचत गटाकडून घ्यावीत. पैसा त्याच कौशल्याकडे जातो.

मग या दिवाळीपासून घरानं काय धरावं? खायला किती माणसं आहेत ते विचारून मग माप घ्यावं. फ्रिजमधलं कालचं आधी संपवावं आणि त्याला नवं रूप द्यावं. आठवड्यातून निदान दोनदा ज्वारी, बाजरी किंवा नाचणी खावी. फराळ डब्यांच्या संख्येसाठी न करता खाणाऱ्यांसाठी करावा, आणि पहिला डबा ज्याच्या घरी तळण होणार नाही त्याच्याकडे जावा. मूठभर धान्याचं मडकं ठेवायला आज कोणी सांगत नाही, पण महिन्याच्या किराण्यातून तेवढी रक्कम काढून जवळच्या वसतिगृहाला किंवा शाळेला देता येते. यात वर्षाचे काही हजार वाचतील, पण ते या रीतीचं मुख्य फळ नाही. अन्नाचं माप घेताना स्वतःचं, बायको-सुनेचं, कामवाल्या मावशींचं आणि दारी येणाऱ्याचं पोट एकाच वेळी डोळ्यांपुढे येणं, हे ते फळ आहे. ज्या घराला ही सवय लागते त्या घराला काटकसर वेगळी शिकवावी लागत नाही, आणि त्याच्या देवभक्तीवर कोणाला शंका घेता येत नाही.